नेपथ्य, यवनिका व भूमिका : नाट्याभ्यासकांसाठीं कांहीं पारिभाषिक शब्दांचा विचार

नंदनवन हें मूळचें इंद्राच्या उद्यानाचें नांव. नागपूर शहराच्या पूर्वभागांतील ज्या वस्तीस तें मिळालें आहे, तिच्या लगतच रेशीमबाग असून तेथें कविवर्य सुरेश भट यांच्या नांवाचें प्रेक्षागृह सन २०१७ मध्यें उघडण्यांत आलें. सन २०१९ च्या फेब्रुवारींत अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचें ९९ वें अधिवेशन नागपुरासच श्री. प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. राम गणेश गडकरी यांनीं ता. २३ जानेवारी १९१९ रोजीं ज्या सावनेर गांवीं देह ठेविला, तेंही ह्याच जिल्ह्यांत मोडतें. भरताच्या नाट्यशास्त्रांतील कथेप्रमाणें नाट्याचा पहिला प्रयोग इंद्राच्या ध्वजोत्सवांत झाला. तेव्हां इंद्राच्या उद्यानाचें नांव धारण करणाऱ्या वस्तींत नाट्यविद्येचा अभ्यास चालावा, हें त्या नांवास साजेसेंच आहे.

ह्या परिसरांतील नाट्याभ्यासी विद्यार्थ्यांच्या हातीं आज जीं क्रमिक टिपणें पडतात, त्यांत नेपथ्य, रंगमंच, भूमिका, पात्र, प्रवेश, स्वगत, सात्त्विक अभिनय इत्यादि शब्दांचे अर्थ एकेका ओळींत दिलेले असतात. ते अर्थ चालू व्यवहारापुरते बरोबर असतात. परंतु ते कोणत्या काळचे, हें सांगितलेलें नसतें. परिणाम असा होतो कीं, आजच्या अर्थाची किल्ली घेऊन विद्यार्थी कालिदासाचें कुलूप उघडूं पाहतो व तें उघडलें असा त्याचा समज होतो. हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नव्हे. शब्दाचा अर्थ चुकला म्हणजे संहितेचा अर्थ चुकतो, आणि संहितेचा अर्थ चुकला म्हणजे पूर्वीं आपली रंगभूमि कशी होती याविषयींची कल्पनाच चुकते. म्हणून प्रमुख शब्दांचा कालक्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. दाखले शक्य तेथें विदर्भाशीं संबंध असलेल्या कृतींतूनच घेतले आहेत. ते येथील विद्यार्थ्यांस जवळचे वाटतील, आणि सुदैवानें ते पुरेसेही आहेत.

प्रथम वास्तूचा विचार करूं. भरतानें नाट्यगृहाचे आकारावरून विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन प्रकार सांगितले असून मानावरून ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ असे तीन भेद केले आहेत. मर्त्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम विकृष्ट गृह त्यानें उत्तम ठरविलें. हात म्हणजे सुमारें दीड फूट धरल्यास हें मान ९६ फूट × ४८ फूट होतें. याहून मोठें गृह बांधूं नये, कारण त्यांत नटाचा शब्द नीट पोंचत नाहीं व मुखावरील भाव दिसत नाहींत, असें कारणही तो देतो. ध्वनिक्षेपकाचा आधार असलेल्या आजच्या दोन-दोन हजार आसनांच्या सभागृहांतून नाटक पाहतांना ह्या नियमाची सत्यता मागच्या रांगेंतील प्रेक्षकास सांगावी लागत नाहीं.

ह्या ६४ हातांपैकीं पुढील अर्धा भाग प्रेक्षकांचा. उरलेल्या ३२ हातांपैकीं अगदीं मागील १६ हात म्हणजे नेपथ्यगृह. मधले १६ हात रंगाचे. त्यांत पुढें रंगपीठ व मागें रंगशीर्ष. रंगपीठाच्या बाजूंस मत्तवारणी सांगितली आहे; तिच्या रचनेविषयीं विद्वानांत मोठा मतभेद आहे. येथें लक्षांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, नेपथ्यगृह ही नटांनीं वेष करण्याची खोली आहे. प्रेक्षकांस दिसणारी घराची भिंत, खिडकी, पायऱ्या, झाडें यांस आज आपण नेपथ्य म्हणतों. भरताच्या योजनेंत प्रेक्षकांस जें मुळींच दिसत नाहीं, त्या स्थानाचें तें नांव होतें. संस्कृत नाटकांत कंसांत ‘नेपथ्ये’ असें येतें, त्याचा अर्थ ‘पडद्याआडून’ एवढाच आहे. ‘देखाव्यामध्यें’ असा अर्थ केल्यास नाटककारावर मोठा अन्याय होतो.

नेपथ्य शब्दास दुसराही अर्थ होता, तो म्हणजे नटाचा वेष. हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं पाहावयाचे असतील तर कालिदासाचें मालविकाग्निमित्र उघडावें. ह्या नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. नाटकाच्या अखेरीस विदर्भ राज्याची दोन भागांत वांटणी होऊन वरदा म्हणजे आपली वर्धा नदी ही सीमा ठरते. पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं वाद होतो आणि त्याचा निर्णय त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावा असें ठरतें. निर्णय देणारी परिव्राजिका म्हणते कीं, नाट्यशास्त्र हें मुख्यतः प्रयोगाचें शास्त्र आहे, तेथें शब्दांच्या वादाचा उपयोग काय? आणि सर्व अंगांचें सौष्ठव स्पष्ट दिसावें म्हणून पात्रांनीं विरळ नेपथ्य करून यावें, अशी ती सूचना करते. येथें नेपथ्य म्हणजे वेषच. ‘थोडा देखावा मांडून या’ असा अर्थ संभवत नाहीं. पुढें दुसऱ्या अंकाच्या आरंभीं राजा म्हणतो कीं, नेपथ्यगृहांत असलेल्या तिला पाहण्याच्या उत्सुकतेनें माझी दृष्टि जणूं हा पडदाच दूर सारावयास निघाली आहे. येथें खोली आहे. एकाच कवीच्या एकाच नाटकांत, दोन जवळजवळच्या प्रसंगीं, दोन्ही अर्थ असे स्वच्छ दिसतात.

मग आजचा अर्थ चूक मानावयाचा काय? आमचें मत तसें नाहीं. पडदे रंगविणारा, पेट्या उभ्या करणारा, दृश्य मांडणारा असा स्वतंत्र कारागीर मराठी रंगभूमीवर निर्माण झाला, तेव्हां त्याच्या कामास नांव हवें होतें. नेपथ्य हा शब्द तेथें रुळला आणि नेपथ्यकार ही पदवी आतां सर्वमान्य आहे. नटांच्या खोलीस ‘रंगपट’ हें निराळें नांव मिळालें, वेषास ‘वेशभूषा’ व मुखलेपनास ‘रंगभूषा’ हीं नांवें झालीं. एका जुन्या शब्दाचीं कामें चौघांनीं वांटून घेतलीं, असें म्हणावें. भाषेंत असे वांटे पडतातच. विद्यार्थ्यानें एवढेंच करावें, कीं वाटणीपूर्वींचा दस्तऐवज वाचतांना वाटणीनंतरच्या सीमा त्यांत शोधूं नयेत.

आतां पडद्याकडे वळूं. संस्कृतांत यवनिका, जवनिका, तिरस्करिणी, पटी असे अनेक शब्द आढळतात. वर उल्लेखिलेल्या श्लोकांत कालिदासानें तिरस्करिणी शब्द योजिला आहे. यवनिका शब्दांत ‘यवन’ दिसतो म्हणून गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत वेबर, विंडिश प्रभृति जर्मन पंडितांनीं भारतीय नाट्याचा संबंध ग्रीकांशीं जोडून पाहिला. उलटपक्षीं असें दाखविण्यांत आलें कीं, अभिजात ग्रीक नाट्यगृहांत असा पडदाच नव्हता. तेव्हां जी वस्तु तेथें नव्हती ती तेथून उसनी कशी घ्यावी? फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनीं पडद्याचें कापड तेवढें यवन व्यापाऱ्यांकडून आलें असावें असें सुचविलें. जवनिका हेंच मूळ रूप मानून त्याचा संबंध वेगवाचक धातूशीं लावणाराही पक्ष आहे. ह्या वादांतून विद्यार्थ्यानें घ्यावयाचा धडा असा कीं, एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर संपूर्ण संस्थेचा इतिहास उभारूं नये.

हा पडदा आजच्या दर्शनी पडद्याप्रमाणें प्रेक्षक व रंग यांच्यामध्यें नसून रंगपीठ व रंगशीर्ष यांच्यामध्यें असे, असें अभिनवगुप्ताच्या टीकेवरून सामान्यतः मानतात. पूर्वरंगांतील कांहीं विधि यवनिकेच्या आंत व कांहीं बाहेर करावयाचे असतात, ह्या भरताच्या व्यवस्थेशींही तें जुळतें. राजशेखराच्या कर्पूरमंजरींत तर पडद्यास आणखीच महत्त्व आलें आहे. ही कृति प्राकृतांतील सट्टक होय. तीस अंक नाहींत, ‘जवनिकांतरें’ आहेत, म्हणजे पडद्यावरूनच विभागांस नांव पडलें. तिची नायिका दक्षिणापथांतील वच्छोम नगरींतून मंत्रबळानें आणिली जाते. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आजचें वाशीम. विदर्भाचा नाट्यवाङ्मयाशीं संबंध शोधणाऱ्यांनीं हाही दुवा ध्यानांत ठेवावा.

रंगावरील दिशांविषयीं विद्यार्थ्यांचा फार गोंधळ होतो. आजचा सर्वमान्य संकेत असा कीं, रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू. खुर्चींत बसलेल्या दिग्दर्शकाची नव्हे. ‘अपस्टेज’ म्हणजे मागील भाग व ‘डाउनस्टेज’ म्हणजे पुढील भाग. युरोपांतील जुन्या नाटकगृहांत रंगमंच मागील बाजूस चढता बांधीत, म्हणून मागें जाणें तें वर जाणें झालें. आपल्याकडील सपाट मंचावर हे शब्द उंचीचा अर्थ टाकूनच वापरले जातात. भरतानेंही दिशांचा संकेत सांगितला आहे. वाद्यांचें व नेपथ्यगृहाच्या द्वाराचें तोंड ज्या बाजूस असेल ती पूर्व मानावी, मग प्रत्यक्ष सूर्य कोठेंही उगवो. तसेंच, जीं पात्रें रंगावर अगोदर आलीं तीं घराच्या आंत आहेत व जीं मागून येतात तीं बाहेरून येत आहेत असें समजावें. ह्यास कक्ष्याविभाग म्हणतात. भिंत नाहीं, दार नाहीं, तरी नटाच्या चालण्यावरून घर, उद्यान, नगर व अरण्य वेगळीं ओळखतां येतात. अलीकडील प्रायोगिक नाटकांतून रिकाम्या मंचावर हेंच केलें जातें, तेव्हां तें परदेशांतून आलेलें नवें तंत्र आहे असें म्हणण्यापूर्वीं हा अध्याय वाचावा.

भाषणाच्या संज्ञांत स्वगत व प्रकाश ही जोडी सर्वांस परिचित आहे. मराठी नाटकांत प्रकाशाच्या जागीं ‘उघड’ हा सुटसुटीत शब्द आला. परंतु जनांतिक व अपवारित यांतील भेद फारसा सांगितला जात नाहीं. रंगावर इतर असतांना त्रिपताक हस्ताची आड करून, म्हणजे अनामिका वांकवून बाकीचीं बोटें उभीं धरून, दोघांनीं परस्परांत केलेलें भाषण तें जनांतिक. आणि पाठ फिरवून एकासच सांगितलेलें गुह्य तें अपवारित. आकाशभाषितांत समोर कोणी नसतांना ‘काय म्हणतोस?’ असें विचारून नट उत्तर ऐकल्याचें दाखवितो. जनांतिकाचा उच्चार व हस्त हे जोडीनें जातात. हस्त वगळून केवळ शब्द हळू उच्चारला तर मागील रांगेस तो ऐकूं येत नाहीं, आणि मोठ्यानें उच्चारला तर तें गुह्य राहत नाहीं. संज्ञेमागें ही व्यावहारिक अडचण आहे हें समजलें म्हणजे संज्ञा पाठ करावी लागत नाहीं.

आतां अभिनय. ‘अभि’ उपसर्गपूर्वक ‘नी’ धातूपासून हा शब्द झाला. अर्थ प्रेक्षकांसमोर नेतो तो अभिनय. त्याचे चार प्रकार : आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. आंगिकांत हात, दृष्टि, मान, पाय यांची हालचाल येते. वाचिकांत गद्याबरोबर गायनही येतें. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं लिहिलेल्या ‘कट्यार काळजांत घुसली’ ह्या नाटकांत (१९६७) वसंतराव देशपांडे यांनीं खाँसाहेबांची जी भूमिका केली, तींत गाणें व पात्राचा स्वभाव वेगळे काढतां येत नाहींत. गायन हा वाचिक अभिनयच कसा होतो याचें याहून जवळचें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेलें : वेष, अलंकार, मुखलेप, शस्त्रें इत्यादि. जुन्या अर्थाचें नेपथ्य ह्याच सदरांत पडतें.

सर्वांत अधिक घोटाळा सात्त्विक शब्दाचा होतो. मराठींत सात्त्विक म्हणजे सद्गुणी, शांत, निर्मळ; म्हणून संताची किंवा पतिव्रतेची भूमिका ती सात्त्विक, असें उत्तर पुष्कळ विद्यार्थी लिहितात. नाट्यशास्त्रांत सत्त्व म्हणजे मनाची एकाग्र अवस्था. तिच्यामुळें शरीरावर जे विकार उमटतात, ते सात्त्विक भाव : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु व प्रलय असे आठ. ह्या अर्थानें सिंधूइतकाच सुधाकरासही सात्त्विक अभिनय करावा लागतो. मद्यप्यास थरथरणाऱ्या हातानें पेला उचलतांना जो वेपथु दाखवावा लागतो, त्याचा नीतीशीं कांहीं संबंध नाहीं.

भूमिका व पात्र हे शब्दही वेगळे ठेवावे. पात्र म्हणजे भांडें. ज्यांत कवीची कल्पना ओतली जाते तें पात्र. नट तें धारण करतो. भूमिका म्हणजे नटानें घेतलेलें सोंग. ह्या अर्थाचा उत्तम दाखला भवभूतीनेंच ठेविला आहे. त्याचें पद्मपूर हें कै. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं आमगांवजवळील पदमपूर ठरविलें. तेव्हां तें भंडारा जिल्ह्यांत होतें, सन १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत वृद्ध परिव्राजिका कामंदकीची भूमिका सूत्रधारानें घेतली आहे व तिची शिष्या अवलोकिता हिची भूमिका त्याच्या सहकाऱ्यानें, असें स्पष्ट सांगितलें आहे. पुरुषांनीं स्त्रीभूमिका करण्याची चाल केवळ बालगंधर्वांच्या पिढीची नव्हे, हेंही त्यावरून दिसतें. उत्तररामचरिताच्या आरंभीं तर सूत्रधार म्हणतो कीं, मी आतां कार्यवशात् त्या काळचा अयोध्यावासी झालों आहें. भूमिकेंत शिरणें म्हणजे काय, याची व्याख्या ह्याहून थोडक्यांत करणें कठीण.

सूत्रधार शब्दाचें स्थित्यंतरही पाहण्याजोगें आहे. संस्कृत नाटकांत तो प्रस्तावना करून निघून जातो. सन १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्या पद्धतींत सूत्रधार शेवटपर्यंत रंगावर राहून पद्यांतून कथा सांगे व पात्रें आपलीं भाषणें बहुधा प्रसंगीं रचून बोलत. पुढें भाषणें लिहून छापलेलीं नाटकें आलीं, त्यांस ‘बुकिश’ नाटकें म्हणूं लागले. विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हें त्यांतील आरंभींचें. ता. ३१ आक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतलाचे पहिले चार अंक केले, तेव्हां सूत्रधार पुन्हां प्रस्तावनेपुरता उरला. ‘प्रवेश’ शब्दाचेंही असेंच. संस्कृतांत तें पात्राचें आगमन. इंग्रजी नाटकांच्या अभ्यासानंतर मराठींत तो अंकाचा पोटविभाग झाला. ‘तालीम’ हा तर अरबी शब्द. शिक्षण हा त्याचा अर्थ. पहिलवान, गवई व नट हे तिघेही तो सारख्याच हक्कानें वापरतात, आणि तिघांच्याही विद्येचें मर्म पुनरावृत्तींत आहे हें त्यावरून ध्वनित होतें.

येथवर ग्रंथांतील शब्दांचा विचार झाला. परंतु विदर्भास आणखी एक शब्दभांडार आहे व तें ग्रंथांत नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या भागांस झाडीपट्टी म्हणतात. तेथें दंडार व खडी गंमत हे जुने लोकनाट्याचे प्रकार असून, दिवाळीनंतरच्या मंडईपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गांवोगांवीं रात्रभर नाटकें चालतात. वडसा हें त्या व्यवसायाचें मुख्य ठाणें. तेथील नट डॉ. परशुराम खुणे यांस सन २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं त्या प्रदेशाच्या भाषेकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें आहे. खडी गंमतींतील शाहीर, नाच्या, त्यांचे साथीदार. तमाशांतील गण, गवळण, बतावणी, वग, झीलकरी, सोंगाड्या. हे सर्व शब्द नाट्यपरिभाषाच होत. गण हा पूर्वरंगाचा आप्त आहे. बतावणी ही प्रस्तावनेची. आणि झीलकरी धरतात ती झील नसली तर शाहिराचें पद अर्धें राहतें.

परंतु क्रमिक टिपणांत हे शब्द येत नाहींत. परिणामीं झाडीपट्टींतून नागपुरास शिकावयास आलेला विद्यार्थी, ज्यानें लहानपणापासून नाटक पाहिलें व कदाचित् केलेंही आहे, तो वर्गांत आपणांस कांहींच येत नाहीं असें समजतो. आणि ज्यास ‘डाउनस्टेज’ शब्द येतो पण रात्रभर खेळ कसा उभा राहतो हें ठाऊक नाहीं, तो स्वतःस जाणता समजतो. ही विद्येची हानि आहे. परिव्राजिकेचें म्हणणें येथें आठवावें : हें शास्त्र प्रयोगाचें आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येक अभ्यासकानें संज्ञांची वही करतांना चार रकाने आंखावे : नाट्यशास्त्रांतील अर्थ, संस्कृत नाटकांतील प्रत्यक्ष प्रयोग, भावे-किर्लोस्कर काळापासूनचा मराठी अर्थ, आणि आपल्या गांवचा शब्द. पहिले तीन रकाने ग्रंथालयांत भरतां येतील. चौथा रकाना वृद्ध नट, सोंगाडे, पडदे ओढणारे व साथीदार यांच्या तोंडूनच भरावा लागेल, आणि तो शब्द कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या खेळांत ऐकिला, हेंही त्याशेजारीं नोंदवावें. भरताचा ग्रंथ आणखी हजार वर्षें वाचावयास मिळेल. मंडईंतील म्हाताऱ्या शाहिराचा शब्द तितका काळ थांबणार नाहीं. म्हणून वहीचा आरंभ चौथ्या रकान्यापासून करावा, असें आम्हांस वाटतें.